इंडी रेसलिंगमधले बुकिंग एजंट: पोरींनो, पैसे देण्याआधी हे वाचा

रेसलिंग करणाऱ्या किंवा करायचं ठरवलेल्या सगळ्या पोरींसाठी लिहितेय, लांब झालंय पण पूर्ण वाचा, कारण हा बुकिंग एजंट, म्हणजे कमिशन घेऊन आपल्याला शो मिळवून देणारा माणूस (नाव टाकत नाही, वकिलांनी नको म्हटलंय) अजून धंदा करतोय आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आपणच, ज्यांच्याकडे टीव्हीवाल्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट नाही आणि ज्या वीकेंडला कुठल्यातरी हॉलमध्ये लावलेल्या रिंगमध्ये उतरतात त्या.

ज्यांना हे इंडी सर्किट, म्हणजे मोठ्या टीव्हीवाल्या कंपन्यांबाहेरच्या छोट्या शोंचं जग, माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. आपण कुणाच्या नोकरीत नसतो. प्रत्येक शोचा प्रमोटर (शो भरवणारा) वेगळा, मॅचचे जे पैसे ठरतात त्याला पेऑफ म्हणायचं, तो शो संपल्यावर बऱ्याचदा रोख पाकिटात मिळतो. गिअर (रिंगमधले कपडे) आपलं, बूट आपले, प्रवास बहुतेक वेळा आपला आणि बंप घेताना (मॅटवर आपटून पडताना) मान आखडली तर डॉक्टरचं बिलही आपलंच. वरचे चार पैसे टी-शर्ट आणि सही केलेल्या फोटोंच्या टेबलावर सुटतात, कधी कधी तर पेऑफपेक्षा तिथेच जास्त. त्यात कार्डवर, म्हणजे शोच्या मॅचच्या यादीत, बायकांची मॅच बहुतेक ठिकाणी एकच, म्हणजे जागा दोन. 2005 साली अमेरिकेत शिमर सुरू झालं, फक्त बायकांचे शो, तिथून सारा डेल रे, मर्सेडीज मार्टिनेझ अशा कितीतरी जणींचं नाव झालं, जपानमध्ये 2011 पासून स्टारडम ही बायकांचीच कंपनी आहे, सगळं मान्य, पण छोट्या शोच्या प्रमोटरचं 'तू नाही तर दुसरी' काही सुटलेलं नाही.

तर अशात या साहेबांचा मेसेज आला. तू फक्त मॅचवर लक्ष दे, बुकिंग आणि पैशाचं बोलणं मी बघतो, माझे पंधरा टक्के. मला ते बरंच वाटलं, खरं सांगते. बाई म्हणून स्वतःचं बुकिंग स्वतः करायचं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच कळतं, तारीख विचारायला मेसेज करावा तर समोरून रात्री एक वाजता 'एकटी आहेस का' येतं, त्यामुळे मध्ये कोणीतरी आहे याचाच आधार वाटतो. आणि त्याने बुकिंग आणलीही, हे मुद्दाम सांगतेय, कारण फसवणारा माणूस काहीच काम करत नाही असं आपण धरून चालतो. शो खरे होते, प्रमोटर खरे होते, पैसे वेळेवर येत होते.

मग त्याने अमेरिका टूरचं काढलं. पोस्टरचं डिझाइन पाठवलं, त्यावर माझा फोटो, खाली शोची नावं, आणि 'व्हिसा फाइल'चे पैसे आधी भर म्हणाला. भरले. इथे जरा नीट वाचा. अमेरिकेत पैसे घेऊन रेसलिंग करायचं तर साधारण पी-1 नाहीतर ओ-1 व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज आपण स्वतः करतच नाही, तिथला प्रमोटर किंवा तिथला एजंट आय-129 नावाचा फॉर्म भरतो, त्याला कॉन्ट्रॅक्ट आणि शोचं वेळापत्रक जोडावं लागतं. अर्ज दाखल झाला की पावती येते, तिच्यावर केस नंबर असतो, सुरुवातीला 3 इंग्रजी अक्षरं आणि पुढे 10 आकडे, तो यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर टाकला की केस कुठे पोचली ते फुकटात दिसतं. मी नंबर मागितला तर म्हणे ते कॉन्फिडेन्शियल असतं. परत मागितला तर म्हणे वकिलाकडे आहे. शेवटी म्हणाला व्हिसाला उशीर होतोय, तू टुरिस्ट व्हिसावर जा, एअरपोर्टवर सांग मैत्रिणीकडे चाललेय, बूट आणि गिअर आपण कुरिअरने पुढे पाठवू म्हणजे बॅगेत काही सापडणार नाही. असं पकडलं गेलं तर नुसतं परत पाठवत नाहीत, खोटं सांगून शिरायचा प्रयत्न केला म्हणून पुढे कायमची बंदी येऊ शकते. करिअरच गेलं ना मग! मी सरळ नाही म्हटलं आणि पोस्टरवर ज्यांची नावं होती त्या प्रमोटर्सना ईमेल टाकले. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी माझं नावही ऐकलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याच सुमाराला कळली, आणि ती जास्त लागली. एका शोनंतर लॉकर रूममध्ये माझी अपोनंट मनगटाची टेप सोलत बसली होती, नवीन पोरगी, आणि तिने सहज विचारलं की तुला किती मिळाले. आपल्याकडे हे विचारायचं नसतं. सीनियर लोक पहिल्या दिवसापासून शिकवतात, सगळ्यांशी हात मिळव, रिंग लावायला मदत कर आणि पेऑफ विचारू नको. तिने स्वतःचा आकडा सांगितला, तो माझ्या जवळपास दुप्पट. मी तशीच प्रमोटरकडे गेले, तो खुर्च्या घडी करत होता, त्याने फोन काढून ट्रान्सफर दाखवला. माझ्या नावाने तिच्यापेक्षा जास्तच रक्कम गेली होती, एजंटच्या खात्यात. म्हणजे हा प्रमोटरला एक आकडा सांगायचा, मला त्याच्या निम्मा, आणि त्या निम्म्यातून परत पंधरा टक्के कापायचा! आणि वर मला 'गेट (तिकीटविक्री) कमी झालं गं, प्रमोटर रडत होता'.

डाव जुनाच आहे म्हणा. फॅब्युलस मूलाह या अमेरिकेतल्या जुन्या चॅम्पियन रेसलरने कितीतरी वर्षं पोरींना ट्रेन करून बुकिंगला पाठवलं आणि ती त्यांच्या पेऑफमधून मोठा हिस्सा कापायची असं अनेक जणींनी सांगितलंय. 2018 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने रेसलमेनिया या आपल्या सगळ्यात मोठ्या शोमधल्या बायकांच्या बॅटल रॉयलला (एकाच वेळी खूप जणी उतरतात ती मॅच) तिचं नाव दिलं, तर एवढी बोंब झाली की काही दिवसांत नाव काढावं लागलं. पेऑफ विचारायचा नाही हा जो 'रिस्पेक्ट' आहे ना, तो कुणाच्या फायद्याचा आहे ते मला त्या रात्री कळलं. मी आता कोणालाही विचारते आणि माझाही सांगते, ज्याला उद्धट वाटायचंय त्याला वाटू दे.

सोडायचं म्हटल्यावर त्याने एक्सक्लुझिव्हचा कागद पुढे केला, माझ्याशिवाय बुकिंग घेतलंस तर केस टाकीन वगैरे. वकिलांनी तो वाचला, त्यात कालावधी नाही, हिशोब दाखवायची अट नाही, आणि माझ्या सगळ्या मॅचचं फुटेज विकायचा हक्क मात्र त्याला. कोणी असा कागद दिला तर सही करायच्या आधी फुटेजचं कलम बघाच, कारण कुणीतरी पैसे देऊन मागवलेल्या, प्रेक्षकांशिवाय शूट केलेल्या 'कस्टम' मॅच कुठल्या साइटवर जाऊन पडतात ते नंतर आपल्या हातात राहत नाही. वकिलांनी त्याला नोटीस पाठवली, तेव्हापासून तो गप्प आहे.

आता मी प्रमोटरला थेट लिहिते: पेऑफ किती, प्रवासाचं कोण बघणार, व्हिडिओ कुठे जाणार. एजंट असलाच तर पैसे माझ्या खात्यात येतात आणि त्याचं कमिशन मी त्याला पाठवते. दोन प्रमोटर यावर चिडले, बाकीच्यांना काही फरक पडला नाही.

व्हिसाचे पैसे परत आलेले नाहीत, तक्रार दिलीय, तिचं पुढे काही सरकलेलं नाही. त्याने पेजचं नाव बदललंय, 'आमचं टॅलेंट' म्हणून वर अजून माझाच फोटो आहे, टॉप रोपवरून उडी मारतानाचा. तो बघून कोणी त्याच्याकडे जाणार असाल तर आधी मला विचारा, मेसेज चालू आहेत.