विंडोज, मॅक की लिनक्स? माझ्यापुरता निकाल एका स्कॅनरने लावला

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला जवळच्या पाच-सहा जणांनी विचारला. कुणाकडे विंडोज १० चा संगणक अजून धडधाकट आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा अधिकृत आधार संपला. भाचीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, आणि दुकानात तोच लॅपटॉप विंडोजसह एका किमतीला आणि नुसत्या डॉससह, म्हणजे विंडोजशिवाय, चार हजारांनी स्वस्त, असा पेच आहे. मी तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिम्स, म्हणजे संगणक चालवणारे मूळ प्रोग्रॅम, वापरल्या आहेत: नोकरीत आणि घरी बरीच वर्षं विंडोज, २०१३ पासून सहा वर्षं मॅक आणि २०१९ च्या अखेरीपासून लिनक्स. रॅम किती, डिस्क कोणती हे इथे लिहीत नाही, ते दुकानदार सांगतोच. मला वाटतं, या तिघांचा पैसा कुठल्या वाटेने येतो ते आधी पाहावं. ती वाट कळली, की पुढच्या आठ-दहा वर्षांत आपण कुठे अडणार याचा बराच अंदाज येतो.

विंडोजपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची तिथूनच होते. १९८१ साली आयबीएमच्या पीसीसाठी मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीची तयार सिस्टिम विकत घेतली आणि ती सुधारून आयबीएमला दिली. पण इतरांना विकायचा हक्क स्वतःकडेच ठेवला. पुढे कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमच्या पीसीशी जुळणारी यंत्रं काढली, तेव्हा त्या सगळ्यांना तीच सिस्टिम लागली. ती म्हणजे डॉस, आणि विंडोज पुढे तिच्यावरच उभं राहिलं. तेव्हापासून विंडोजचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे संगणक बनवणारी कंपनी. आपण तिच्यामार्फत पैसे देतो. पुढे तर करार असे होते, की कंपनीने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे, मग त्यात तिची सिस्टिम असो वा नसो. अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यानंतर १९९४ मध्ये ही पद्धत थांबली.

यातली एक हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण या धंद्यातली स्पर्धा किमतीवर चालत नाही हे मला तिच्यामुळे कळलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बी नावाच्या कंपनीची बीओएस ही सिस्टिम होती. एकाच वेळी बरेच व्हिडिओ न अडखळता चालवणारी, फार चपळ. कंपनीने संगणक उत्पादकांना सांगितलं, आमची सिस्टिम विंडोजच्या शेजारी बसवा, फुकट देतो. हिताचीने एका यंत्रात ती बसवलीही. पण संगणक सुरू होताना कोणती सिस्टिम हवी हे विचारणारा पडदा दाखवता आला नाही, कारण विंडोजच्या परवान्याच्या अटी आड येतात, असं बीचं म्हणणं होतं. घेणाऱ्याच्या यंत्रात बीओएस होती, पण त्याला ती दिसत नव्हती. २००१ मध्ये बीने आपली मालमत्ता पामला विकली. मायक्रोसॉफ्टवर भरलेला दावा २००३ मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरवर मिटला, मायक्रोसॉफ्टने कुठलीही चूक मान्य न करता. तोवर कंपनी नावापुरतीच उरली होती. चांगली सिस्टिम फुकट देऊनही हरते, कारण खोक्यात आधीपासून बसलेली सिस्टिम आपल्यातले बहुतेक जण कधीच बदलत नाहीत.

आता मायक्रोसॉफ्टची मोठी कमाई क्लाउडमधून आणि ऑफिसच्या वर्गणीतून येते, आणि विंडोज म्हणजे त्या दुकानाचा दरवाजा. म्हणून २०१५ साली जुन्या विंडोजवाल्यांना पहिलं वर्षभर विंडोज १० फुकट घेता आलं. म्हणूनच विंडोज ११ ची होम आवृत्ती सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. काहींना यात सोय वाटते. मला माझ्या घरात शिरताना कुणी नाव विचारल्यासारखं वाटतं, पण हा स्वभावाचा भाग झाला. यंत्राची अट त्याहून कडक आहे: टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. त्यामुळे २०१६ चा चांगला चालणारा लॅपटॉप अधिकृतपणे बाहेर राहतो. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची जादा अपडेट्स घेता येतात, पण ती मुदतवाढच.

तरी विंडोजची बाजू भक्कम आहे आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. टॅली विंडोजवर चालतं. श्रीलिपी आणि कोरलवर लग्नपत्रिका, फ्लेक्स, दिवाळी अंक लावणाऱ्यांची सगळी घडी विंडोजवर बसलेली आहे. तालुक्याच्या गावी संगणक बिघडला, तर दुरुस्त करणाऱ्या मुलाला हीच सिस्टिम येते. एमएस-सीआयटी केलेल्या लाखो लोकांचा हातही हिच्यावरच बसला आहे. शिवाय वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजही चालवून दाखवणं ही साधी गोष्ट नाही. तुमची रोजीरोटी अशा एखाद्या प्रोग्रॅमवर असेल, तर विंडोजच घ्या.

मॅकचं गणित सोपं आहे. ॲपल यंत्र विकते, सिस्टिम त्याबरोबर येते. एके काळी मॅकच्या नव्या आवृत्तीला १२९ डॉलर मोजावे लागत. ती किंमत उतरत गेली आणि २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आवृत्त्या फुकट झाल्या. १९९५ च्या सुमारास ॲपलने दुसऱ्या कंपन्यांनाही मॅक बनवायचा परवाना देऊन पाहिला होता. स्वस्त जुळ्यांनी ॲपलचंच गिऱ्हाईक खाल्लं आणि १९९७ मध्ये परतल्यावर स्टीव्ह जॉब्झ यांनी तो प्रयोग गुंडाळला. यंत्रावर पोट असलेल्या कंपनीने दुसरं काय करावं? याचा फायदा वापरणाऱ्याला मिळतो. बॅटरी, पडदा, आवाज, झाकण लावल्यावर झोपणं आणि उघडल्यावर लगेच जागं होणं, सगळं एका हाताने घडवल्यासारखं. माझ्या सहा वर्षांत ते यंत्र एकदाही दुरुस्तीला गेलं नाही. देवनागरी अक्षरं पडद्यावर इतकी सुबक मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

पण जी कंपनी यंत्र विकून जगते, तिला केव्हा ना केव्हा तुम्ही नवं यंत्र घ्यायला हवं असतं. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली. २०२५ ची टाहो ही इंटेल चिपच्या मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती, हे तिने आधीच जाहीर केलं. नंतर रॅम वाढवायची सोयही नाही, म्हणून पहिल्याच दिवशी जास्त रॅमचे पैसे मोजावे लागतात. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर मॅक वाटतो तितका महाग पडत नाही, असं माझं मत आहे. फक्त ते पैसे पहिल्या दिवशी हातात असावे लागतात.

क्रोमबुकबद्दल एवढंच. ते गूगलच्या सेवांचं दार आहे, ब्राउझरमध्येच ज्याचं काम भागतं त्याला पुरतं, आणि २०२१ पासूनच्या यंत्रांना दहा वर्षं अपडेट्स मिळतील असं गूगलने सांगितलं आहे. मी ते फार वापरलेलं नाही.

आता स्कॅनर.

आमच्या वाड्यातून आलेले मोडी कागद, म्हणजे कर्जरोखे, वाटणीपत्रं, पणजोबांचा पत्रव्यवहार, हे मी २००८ पासून थोडे थोडे स्कॅन करतो आहे. त्यासाठी तेव्हाच सपाट काचेचा एक चांगला स्कॅनर घेतला. कागद ठिसूळ आहेत, काही हातात तुटतात, त्यामुळे एकच यंत्र आणि एकच सवय फार मोलाची. २०१३ मध्ये संगणक बदलला, ६४-बिट विंडोज आलं आणि स्कॅनर चालेना. स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी ६४-बिट ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर आणि सिस्टिम यांची गाठ घालणारा प्रोग्रॅम, काढलाच नव्हता. ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे नवं मॉडेल सुचवलं. काच स्वच्छ, दिवा ठणठणीत, मोटर सुरळीत, आणि तरी यंत्र निकामी! त्या कंपनीचा मॅकसाठीचा प्रोग्रॅम मात्र चालत होता. मॅक घेण्यामागे हेही एक कारण होतं.

२०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले. तसं होणार हे ॲपल आधीपासून सांगत होती. स्कॅनरच्या कंपनीने आपला प्रोग्रॅम नव्याने बांधला नाही. वाटणीपत्रांचं बाड अर्धं झालं होतं आणि मी पुन्हा तिथेच.

एका मित्राने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा घरगुती वापराचा एक प्रकार, आणून माझ्या जुन्या, माळ्यावर टाकलेल्या लॅपटॉपला लावलं. काही बसवलं नाही, पेनड्राइव्हवरूनच सिस्टिम सुरू केली. स्कॅनरची वायर जोडली, त्यातलाच साधा स्कॅनिंगचा प्रोग्रॅम उघडला, बटण दाबलं आणि काचेखालचा दिवा सरकायला लागला. ड्रायव्हर नाही, सीडी नाही, नोंदणी नाही. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत कागद स्कॅन करत बसलो.

यामागे सेन नावाचा, नव्वदच्या दशकापासून चाललेला प्रकल्प आहे. माझ्या स्कॅनरची भाषा जगात कुठेतरी कुणा वापरणाऱ्याने समजून घेऊन लिहून ठेवली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. ती काढून टाकण्यात कुणाचाही फायदा नाही, म्हणून ती टिकून आहे. अशा खुल्या, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळही असंच एका यंत्रात आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतला लेझर प्रिंटर कागद अडकला की गप्प बसायचा. त्याने तसं कळवावं अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम त्यांना मिळेना. ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सिस्टिम घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा केली.

मग लिनक्सचा पैसा कुठून येतो? सर्व्हरमधून. रेड हॅट कंपनी प्रोग्रॅमऐवजी त्याच्या देखभालीची हमी विकत आली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. लिनक्सच्या गाभ्याचं बरंच काम इंटेल, गूगल, रेड हॅट यांच्यासारख्या कंपन्यांचे पगारी लोक करतात, कारण त्यांची स्वतःची यंत्रं त्यावर चालतात. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू हा लिनक्सचा प्रकार सुरू केला, तेव्हा त्याच्या सीडी जगभर टपालाने फुकट यायच्या. मिंट देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं. आपल्यासारख्या घरगुती माणसाला जे मिळतं, ते या मोठ्या कामाचं उपफळ आहे. म्हणून तुमच्याकडून कुणालाच काही काढून घ्यायचं नसतं. आणि म्हणूनच घरच्या संगणकाचं कोपऱ्यातलं एखादं दुखणं वर्षानुवर्षं तसंच राहतं.

ती दुखणीही सांगायला हवीत. माझ्या सध्याच्या लॅपटॉपचा बोटाचा ठसा ओळखणारा भाग लिनक्सवर चालत नाही. मेहुण्यांचा नवा स्वस्त प्रिंटर चाललाच नाही, म्हणजे माझ्या स्कॅनरच्या अगदी उलट. एका सीए मित्राला डिजिटल सहीचं टोकन चालवायला दोन संध्याकाळी लागल्या. फोटोशॉप मिळत नाही, जिम्प शिकावं लागतं. मोठ्या कार्यालयांत तर प्रश्न फक्त यंत्राचा नसतो. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. उलट केरळच्या सरकारी शाळा बरीच वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर नीट चालल्या आहेत. मराठी टायपिंगची चिंता मात्र नको. इनस्क्रिप्ट तिन्हीकडे सारखंच आहे, माझी बोटं बदलावी लागली नाहीत.

भाचीला मी काय सांगितलं? तिच्या कॉलेजचे प्रोग्रॅम कोणते ते आधी विचार. विंडोजचेच असतील, तर विंडोजसह लॅपटॉप घे आणि डिस्कच्या एका भागात लिनक्स ठेव. नसतील, तर डॉसवाला घे, त्यात लिनक्स टाक आणि वाचलेल्या चार हजारांची रॅम घाल. मॅक परवडत असेल आणि व्हिडिओ-संगीताचं काम असेल, तर मी आड येणार नाही. मात्र घरात २०१६-१७ चा संगणक असेल आणि विंडोज १० संपलं म्हणून तुम्ही तो भंगारात काढणार असाल, तर एक आठवडा थांबा, असं मी आग्रहाने सांगेन.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर मिंट किंवा उबुंटू उतरवा आणि डिस्कला हात न लावता त्यावरूनच संगणक सुरू करा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, बँकेची साइट उघडते का, हे अर्ध्या तासात कळेल. त्याच वेळी घरातला प्रिंटर आणि स्कॅनर, जो काही असेल तो, जोडून पाहा. माझा अजून चालतो. पणजोबांच्या पत्रांच्या दोन फाइली राहिल्या आहेत.