साखळीतला तरस की धुक्यातला हत्ती?

दोन छायाचित्रकार, दोघांच्याही चौकटीत प्राणी आणि माणसं; चिवटपणा कोणाकडे जास्त दिसतो? पीटर ह्यूगो यांनी २००५ ते २००७ दरम्यान नायजेरियात टिपलेले तरस साखळदंडात आहेत, तोंडाला मुसकं. तरीही मानेतली, खांद्यांतली रग लपत नाही. शेजारी उभा मालक पोटासाठी त्याच जनावरावर अवलंबून. कोणी कोणाला धरलंय, हे मला आजही ठरवता येत नाही.

दुसरे छायाचित्रकार निक ब्रँट यांनी २०२० मध्ये झिंबाब्वे आणि केनियात वेगळी वाट धरली. पुन्हा जंगलात सोडता न येणारे, वाचवलेले प्राणी आणि दुष्काळ-वादळांनी उखडलेली माणसं एकाच चौकटीत. भोवती यंत्राने सोडलेलं धुकं. देखणं आहे, पण हे धुकं अर्थ जरा लवकरच सांगून टाकतं.

चिवटपणा शोधायचा तर माझा कौल ह्यूगोंच्या तरसांना. ब्रँट यांच्या हत्तींसमोर मात्र मी जास्त वेळ थांबते.