क्लिक टोपीचा असतो, चुऱ्याचा नसतो: डायनाव्हॅपच्या 'एम'चा आढावा

चिलीम आणि विजेची इस्त्री या दोघींचा संसार पेनाएवढ्या नळीत मांडला तर जे होईल, ते म्हणजे डायनाव्हॅप कंपनीचं 'एम': गांजा न जाळता, तापवून त्याची वाफ ओढायचं उपकरण. चिलमीसारखं एका टोकाला गांजाचा चुरा भरायचा, बाहेरून आच द्यायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायचं. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये असते तशी दोन धातूंची चकती यात आहे. ठरावीक उष्णतेला ती पालथी पडते आणि 'टक्' असा आवाज येतो. बॅटरी नाही, चार्जर नाही, ॲप नाही. आच देते ती टॉर्च लायटरची निळी ज्योत. हे बनतं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, जिथे मौजेसाठी गांजा ओढणं कायदेशीर नाही, आणि विकलं जातं जिथे तो कायदेशीर आहे तिथे: अमेरिकेतली बरीच राज्यं आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून अख्खा कॅनडा. हा मजकूर कॅनडातल्या सज्ञान मराठी वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. सज्ञान म्हणजे अल्बर्टात १८, ऑन्टारिओत १९ आणि क्वेबेकमध्ये २१.

सुटे भाग मोजकेच. पुढे स्टीलची टिप, तिच्या पोटात चुरा भरायची खोली. खोलीच्या तळाशी जाळी. चिलमीत खडा जे काम करतो तेच तिचं. टिपवर बसणारी टोपी, तिच्या आत त्या क्लिक करणाऱ्या चकत्या. टिपच्या मागे घुसते ती बारीक नळी म्हणजे कंडेन्सर, आणि या सगळ्यावर दांडी, जिचं शेवटचं टोक ओठांत धरायचं. दांडीला एक छोटं भोक आहे. ते बोटाने झाकलं की हवा पूर्णपणे चुऱ्यातून येते, उघडलं की थंड हवा मिसळते. जोडावर काळ्या ओ-रिंगा, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवलेल्या गोल कड्या. मोडण्यासारखं यात फारसं काही नाही. हरवण्यासारखं मात्र आहे, आणि सगळ्यात आधी हरवते ती टोपी.

आता मुद्द्याचं. दुकानदार सांगतो, 'क्लिक झाला की तयार.' अर्धवट खरं आहे. क्लिक होतो तो टोपीच्या टोकाशी बसलेल्या चकत्या तापल्या म्हणून. चुरा त्या वेळी किती तापलाय, हे तुम्ही ज्योत कुठे धरली यावर ठरतं. ज्योत टोपीच्या बंद टोकाजवळ धरली तर चकत्यांना आच आधी पोहोचते, क्लिक लवकर होतो आणि चुरा मागे राहतो: चव छान, वाफ पातळ. ज्योत टोपीच्या मध्यावर आणली की चुऱ्याची खोली आधी तापते, चकत्यांना बातमी उशिरा लागते, त्यामुळे वाफ दाट. त्याहूनही खाली, टोपीच्या कडेला ज्योत गेली, तर क्लिक व्हायच्या आतच चुरा जळू शकतो. म्हणजे हे उपकरण तापमान मोजत नाही. तुमच्या हाताची सवय मोजतं. ज्याला बटण दाबून १९० अंश हवेत, त्याने हे घेऊ नये. आम्हाला मात्र हीच त्याची खरी गंमत वाटते: फुलका फुगेपर्यंत कुठे किती धरायचा हे जसं हाताला कळतं, तसं हेही आठवडाभरात कळतं.

भरताना चुरा मध्यम हवा, जाडसर रव्याएवढा. बारीक पीठ केलं तर जाळीतून तोंडात येतं आणि ओढही अडते. जाड तुकडे राहिले तर बाहेरून करपतात आणि आतून हिरवेच राहतात. पूर्ण खोलीत साधारण ०.१ ग्रॅम मावतो. जाळी वरच्या खाचेत सरकवली की खोली निम्मी होते, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. ०.०५ ग्रॅम हे दिसायला चिमूटभर, पण वाफेतून उतरणारं ते चिमूटभरही पहिल्यांदा पुरेसं असतं. पुढची खेप भरण्याआधी पंधरा मिनिटं थांबा. टिप सरळ चुऱ्यात खुपसून फिरवली की ती आपोआप भरते. वरून बोटाने हलकं दाबा, ठासू नका. चुरा ओलसर असेल तर पहिल्या आचेत नुसतं पाणी उडतं आणि वाफ दिसत नाही. फार कोरडा असेल तर क्लिकनंतर एक सेकंद जास्त झाला तरी करपतो.

ज्योत एकेरी असेल तर टॉर्च स्थिर धरा, 'एम' आडवं धरा आणि बोटांत सतत फिरवत राहा, सेकंदाला साधारण एक फेरा. ज्योतीच्या आत जो गडद निळा शंकू दिसतो, त्याच्या टोकाच्या किंचित पुढे टोपी हवी. शंकूच्या आत घातलीत तर आच कमी लागते आणि अर्धवट जळलेला गॅस धातूवर बसतो. टोपी कधीही लाल व्हायला नको. ८ ते १२ सेकंदांत क्लिक येतो. पहिले काही दिवस क्लिकवरच थांबा. हात बसला की पुढे एक सेकंद, फार तर दोन. तिहेरी ज्योतीची टॉर्च हे काम निम्म्या वेळात करते, आणि घोटाळा तिथेच होतो: बाहेरचा धातू इतक्या झपाट्याने तापतो की चकत्या मागे पडतात, आणि क्लिक ऐकू येईपर्यंत चुरा काळा झालेला असतो. शिकताना एकेरी ज्योतच घ्या. तिहेरी वापरायचीच तर ज्योत टोपीच्या टोकाकडे ठेवा आणि अंतर वाढवा.

ज्योत बंद केल्यावर लगेच ओढा, पण सावकाश. सिगारेटसारखा झुरका मारला तर थंड हवा आत शिरते आणि टिप विझल्यासारखी होते. बशीतला गरम चहा भुरकताना जो संथपणा असतो, तो इथे लागतो: दहा-बारा सेकंद, भोक अर्धं झाकून. भोक पूर्ण झाकलं तर वाफ घट्ट आणि गरम येते, घसा खवखवतो. पूर्ण उघडं ठेवलं तर तोंडात नुसती हवा. वाफ संपली की दुसरा क्लिक येतो, टोपी थंड झाल्याचा. तो ऐकल्याशिवाय पुन्हा ज्योत लावू नका. पालथी पडलेली चकती परत सरळ झालेली नसेल तर ती दुसऱ्यांदा वाजणारच नाही, आणि तुम्ही क्लिकची वाट बघत चुरा जाळत बसाल. या उपकरणावर 'जळका वास येतो' अशी जी तक्रार होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच घाई असते.

एका भरण्यात तीन-चार आचा निघतात. मधे एकदा टोपी काढून चुरा टोकदार काडीने हलवला तर शेवटची आच वाया जात नाही. उरलेला चुरा बघून शिकता येतं. तो भाजलेल्या रव्यासारखा बदामी असेल तर अजून माल शिल्लक आहे. भाजलेल्या जिऱ्याचा रंग आला की काम झालं. करपलेल्या कांद्यासारखा काळा आणि राखेच्या कडांचा दिसला तर ते वाफ नव्हे, धूर ओढलात. मग एवढे पैसे खर्च करून साधी चिलीम काय वाईट होती?

क्लिक येतच नसेल तर पंधरा सेकंदांवर ज्योत धरू नका. बाहेर वारा आहे का बघा. टॉर्चची ज्योत वाऱ्यात टिकते, पण तिची आच टोपीपर्यंत पोहोचत नाही. टोपी टिपवर शेवटपर्यंत बसली आहे का तपासा. चुरा वर उंच आला असेल तर ती बसत नाही आणि चकत्या टिपपासून सुटतात. टोपीच्या आत चिकट थर साचला असेल तर चकत्या अडकतात. आणि टोपी फरशीवर पडून चेपली असेल तर तिच्या क्लिकवर यापुढे विश्वास नको, नवी घ्या. वाफ पातळ येत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ओ-रिंग कोरडी होऊन जोडातून हवा गळते आहे. मेणाचा हलका हात फिरवला की बसते. खाण्याचं तेल लावू नका, ते गरम होऊन चिकट होतं.

भाजण्याबद्दल एक इशारा, कारण दिसायला हे पेन आहे. टिप आणि टोपी वाफ संपल्यावरही तव्यासारखी तापलेली असतात. टेबलावर तशीच ठेवली तर लॅमिनेटवर डाग पडतो, सोफ्यावर ठेवली तर भोक. हे ठेवायला एक चिनीमातीची वाटी कायम जवळ असू द्या. घरात लहान मूल असेल तर टॉर्च, चुरा आणि हे, तिन्ही कुलपात.

निम्मा अनुभव खरं तर टॉर्चचा असतो, आणि लोक कंजुषी नेमकी तिथेच करतात. दोन-चार डॉलरच्या टॉर्चची नळी लवकर चोंदते आणि ज्योत तिरकी येते. स्वयंपाकघरात कॅरॅमल करायला वापरतात ती लहान टॉर्च जास्त भरवशाची, शिवाय उभी राहते. गॅस भरताना आधी ज्योतीचं चाक कमीवर आणा, मग झडपेवर छोटा स्क्रूड्रायव्हर दाबून आत अडकलेली हवा आणि उरलेला गॅस पूर्ण सोडून द्या, आणि टॉर्च उलटी धरून डबा वरून सरळ दाबा. ही हवा काढायची पायरी टाळली म्हणून 'टॉर्च भरतच नाही' असं होतं. भरल्यावर पाच मिनिटं थांबून मगच पेटवा, खिडकी उघडी ठेवून. कॅनडाच्या हिवाळ्यात अजून एक अडचण: ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होतच नाही, त्यामुळे जानेवारीत बाल्कनीत टॉर्च मुकी होते. बिघडलेली नसते ती. आतल्या खिशात दहा मिनिटं ऊब दिली की पेटते. विमानाने जाताना टॉर्च आणि गॅसचा डबा दोन्ही घरी ठेवा. हातातल्या बॅगेतही चालत नाहीत, चेक-इनमध्येही नाहीत.

सफाई दर आठ-दहा भरण्यांनी. सगळं सुटं करा, ओ-रिंगा काढून बाजूला ठेवा (अल्कोहोलमध्ये त्या फुगतात), आणि धातूचे भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवा. कंडेन्सरमधून पाइप क्लीनर फिरवा. सगळ्यात जास्त चिकटा तिथेच असतो. मग गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे पूर्ण: टोपीच्या चकत्यांमागे अल्कोहोल राहिलं आणि ज्योत लावली तर भडका उडतो. कंडेन्सर टिपमध्ये घट्ट बसला असेल तर पक्कड लावू नका, धातूवर ओरखडे पडून पुढे कायमची हवा गळते. अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी हाताने निघतो.

डायनाव्हॅपच्याच घरातल्या दुसऱ्या प्रकारांपैकी 'बी' सिलिकॉनच्या आवरणाचं आणि स्वस्त आहे. शिकायला ठीक, पण हातात घेतल्यावर 'एम'चा भरीवपणा जाणवत नाही. टायटॅनियमची टिप पटकन तापते आणि पटकन निवते, म्हणून एकेक छोटा झुरका घेणाऱ्याला ती आवडेल. स्टील उष्णता धरून ठेवतं, आणि आमची पसंती स्टीललाच. ज्योतीशिवाय टोपी तापवणारे, बॅटरीवरचे इंडक्शन हीटर मिळतात आणि एकसारखी आच देतात, पण मग बॅटरी नसलेलं उपकरण घेतलं कशाला? स्टिकी ब्रिकची लाकडी यंत्रं वेगळ्या जातीची: तिथे ज्योतीची गरम हवाच तुम्ही श्वासाने चुऱ्यातून ओढता, क्लिक वगैरे काही नाही. वाफ एका दमात दाट येते, पण एका सेकंदाची चूक झाली तरी चुरा लगेच जळतो. पहिलं उपकरण म्हणून ती आम्ही कुणाला सुचवणार नाही.

'एम', साधारण बरी टॉर्च, गॅस आणि ओ-रिंगांचं एक जास्तीचं पाकीट, एवढं एकदम घ्या. टोपी मात्र हरवल्यावरच. स्वस्तातली नक्कल टाळा. नकली टोपीच्या चकत्या कुठल्या उष्णतेला वाजतील याचा नेम नसतो, आणि क्लिकच खोटा असेल तर उरतं काय? रोज अर्धा तास चारचौघांत बसून ओढणाऱ्यांना हे पुरणार नाही, दर आचेला दोन-तीन झुरकेच निघतात. एकट्याला किंवा दोघांना, थोडक्यात आटोपायचं असेल, तर याच्या तोडीचं दुसरं काही या किमतीत दिसत नाही. वास धुरापेक्षा कमी आणि लवकर जातो, पण शेजारच्या फ्लॅटला कळणार नाही अशा भ्रमात राहू नका. वाफ म्हणजे निर्धोकही नव्हे. फुप्फुसात जायचं ते जातंच. आणि ओढून गाडी चालवणं कॅनडातही गुन्हाच आहे.

गावी सुट्टीला येताना हे बॅगेत घालू नका. १९८५ च्या अमली पदार्थांविरोधी एनडीपीएस कायद्याखाली गांजाचा फुलोरा जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि टिपच्या पोटात चिकटलेला तपकिरी थर तपासणीत लपत नाही. २०१९ चा ई-सिगारेटबंदीचा कायदा इलेक्ट्रॉनिक उपकरणांबद्दल बोलतो, यात बॅटरी नाही हे खरं. पण रात्री तीन वाजता मुंबई विमानतळावर कस्टम्सच्या माणसाला चकत्या कशा पालथ्या पडतात हे समजावत बसण्यात काही शहाणपण नाही.