अनंत की डबल तगर? परसातलं पांढऱ्या फुलाचं झाड ओळखायचं असेल तर

सांगली-मिरजेकडं जुनं घर घेतलं की मागं एखादं पांढऱ्या फुलांचं झुडूप असतं, चकचकीत हिरवी पानं, एप्रिल-मेमध्ये फुलांनी भरलेलं, आणि घरात कोण म्हणतं अनंत तर कोण म्हणतं तगर. डबल तगर आणि अनंत लांबून खरंच सारखे दिसतात, त्यामुळं मोबाईलवरच्या फोटोवरून भांडू नका, झाडापाशी जा आणि एक पान देठासकट तोडा.

पांढरा दुधासारखा चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत असायची शक्यता जास्त. तगर कण्हेरीच्या कुळातली आणि अनंत कॉफीच्या, म्हणून हा फरक. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा.

चीक नसेल तर मग फांदी नीट बघा. अनंताची पानं समोरासमोर किंवा तीन-तीनच्या झुबक्यात असतात आणि जिथं पानं फुटतात तिथं दांडीभोवती पातळ कागदासारखं आवरण असतं, हे सापडलं की जवळजवळ खात्रीच. तगरीत ते नसतं, उलट फांदी सारखी दोन-दोन फाटे फुटत जाते आणि समोरासमोरची दोन पानंसुद्धा बऱ्याचदा लहानमोठी असतात. सिंगल फुलं असतील तर अजून सोपं, तगरीला पाच पाकळ्या भिंगरीसारख्या वळलेल्या, अनंताला बहुतेक सहा. आणि वास! अनंताचं एक फूल घरात ठेवलं तरी कळतं, तगरीचा वास रात्री येतो आणि तोही बेताचाच. अनंताचं फूल शिळं होताना मलईसारखं आणि मग पिवळसर होतं, ते पण लक्षात ठेवा.

मोगरा असेल का असंही विचारतात, पण मोगऱ्याची फुलं बरीच लहान आणि फांद्या लवचिक असतात, गोंधळ व्हायचं कारण नाही. पानं लांब, अरुंद, चामड्यासारखी जाड असतील तर मात्र थांबा, ती पांढरी कण्हेर असू शकते, आणि ती सगळीच्या सगळी विषारी आहे, छाटलेल्या फांद्या जनावरांपुढं टाकू नका, जाळूही नका.

आता ठेवायचं काय? तगर असेल तर बिनधास्त ठेवा, काळ्या जमिनीत मजेत वाढते, पाणी कमीजास्त झालं तरी तक्रार नाही, जवळजवळ वर्षभर पूजेला फुलं, छाटायला काही मुहूर्त लागत नाही. अनंताचं तसं नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि कृष्णाकाठची काळी जमीन चुनखडीची, वर बोअरचं जड पाणी, मग पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. हे लोह न मिळाल्याचं लक्षण आहे, लोक उगाच युरिया टाकत बसतात. अशा मातीत साधं हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) टाकलं तरी लवकर निकामी होतं, चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं लागतं. आणि कळ्या गळतात ते बऱ्याचदा पाण्याच्या हेळसांडीनं, माती एकदा कोरडी ठणठणीत आणि एकदा चिखल असं करू नका.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला जांभ्याची लाल माती आहे, तिथं अनंत जमिनीतच लावा, मी दुसरं काही सुचवणारच नाही. सांगलीत हवाच असेल तर मोठ्या कुंडीत, लाल माती आणि भरपूर शेणखत, दुपारच्या उन्हातून आडोसा आणि जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी. एवढं सगळं त्या वासासाठी करावं का, तर माझं मत हो, करावं. फक्त जुनं मोठं अनंताचं झाड जमिनीत आधीच तग धरून असेल तर ते उपटून कुंडीत घालायच्या भानगडीत पडू नका, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा, लोह द्या आणि बहर संपल्या संपल्या हलकी छाटणी करा, उशीर केला तर पुढच्या बहराच्या कळ्या छाटल्या जातात.