लॉन, दाण्याचं ताट की देशी झुडपं? नागपुरातल्या अंगणासाठी काय निवडावं

बेसा, बेलतरोडी, जयताळा, हिंगणा रोड. लेआउटमध्ये घर बांधून झालं की समोर किंवा बाजूला दोन-तीनशे चौरस फूट जागा उरते. तिथे सरसकट गट्टू (पेव्हर ब्लॉक) न लावता पक्षी, फुलपाखरं, खारी याव्यात असं वाटत असेल, तर साधारण तीन वाटा दिसतात. एक म्हणजे नर्सरीवाला सुचवतो ते कार्पेट लॉन, कडेनं डुरांटाची हेज, कोपऱ्यात एरिका पाम. दुसरी म्हणजे दाण्याचं ताट, लाकडी घरटं आणि पाण्याचं भांडं. तिसरी म्हणजे देशी झुडपं लावून थोडी मोकाट वाढू दिलेली बाग.

माझं मत आधीच सांगते. पैसे आणि कष्ट तिसरीवर घाला, दुसरीतलं पाणी तेवढं घ्या, आणि लॉन मुलांना खेळायला हवंच असेल तर चटईएवढं ठेवा.

असं म्हणण्यामागे एक कसोटी आहे: इथे पिल्लू वाढू शकेल का? चिमणी एरवी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस किडे आणि अळ्याच भरवते. बुलबुल फळं खातो, शिंजीर मध पितो, तरी घरट्याकडे जाताना दोघांच्याही चोचीत किडे असतात. ज्या बागेत अळी नाही, तिथे पक्षी पाहुणा म्हणून येईल आणि निघून जाईल.

लॉन

लॉनची बाजू आधी मांडू. लावल्याच्या दिवसापासून ते हिरवं दिसतं, नीटनेटकं राहतं, आणि हुदहुद, साळुंक्या, गायबगळे ओल्या गवतात चोच खुपसायला खरोखर येतात. पण ते ज्या अळ्या शोधतात, त्या हुमणीसाठीच लोक लॉनवर कीटकनाशक ओततात. मग येणारेही थांबतात.

त्यातून पाणी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. नागपूरच्या मे महिन्यात गवत हिरवं ठेवायला रोज ६-७ मिलिमीटर तरी धरावं लागतं. म्हणजे २०० चौरस फुटांच्या लॉनला दिवसाला १०० लिटरहून जास्त. हे पाणी पेंच धरणाचं किंवा कन्हान नदीचं असतं, बोअरचं असतं, किंवा शहराबाहेरच्या लेआउटमध्ये चक्क टँकरचं. कूलरच्या टाकीचाही हिशोब करावा लागतो अशा दिवसांत हा खर्च मला पटत नाही.

दाणा, घरटं, पाणी

दाण्याचं ताट सगळ्यांत लवकर फळ देतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. आधी चिमण्या येतात, मागोमाग कबुतरं, आणि एकदा कबुतरांचा थवा बसायला लागला की लहान पक्षी बाजूला पडतात. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेमुळे काही माणसांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो, म्हणून घरात दम्याचं कोणी असेल तर हा पर्याय सोडाच. सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात आणि उंदरामागे साप. शेताला लागून असलेल्या नव्या वस्त्यांत ही साखळी पूर्ण व्हायला वेळ लागत नाही. दाणा टाकायचाच असेल तर मूठभर, सकाळी, आणि संध्याकाळी जमीन झाडून घ्यायची.

लाकडी घरट्याला मात्र अर्थ आहे. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत कवेलूंच्या आणि फाट्यांच्या फटीत चिमण्यांना जागा मिळायची. स्लॅबच्या घरात तशी फटच राहत नाही. पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं घरटं घेऊ नका, इथल्या उन्हात त्यात पिल्लं भाजतील. लाकडी घ्या आणि पश्चिमेची भिंत टाळून छज्ज्याखाली लावा.

पाण्याबद्दल दुमत नको. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि मेअखेरचा नवतपा दरवर्षीच पक्ष्यांचा जीव काढतो. मातीचं पसरट भांडं, दोन इंचांहून कमी खोली, मध्ये एक दगड, जागा सावलीची. भांड्याभोवती चार-पाच फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर मांजर झुडपाआडून झडप घालतं. पाणी दोन दिवसांनी ओतून द्या आणि भांडं आतून घासा. डेंग्यूचा डास अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी टिकतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही.

देशी झुडपं

सुरुवात गोडनिंबापासून, म्हणजे कढीपत्त्यापासून करा. तो तसाही प्रत्येकाला हवा असतो. त्याच्यावर आणि लिंबावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. संत्र्याची कलमं करणारे तिला चांगलंच ओळखतात, कारण रोपवाटिकेत ती कोवळी पानं फस्त करते. त्यांनी तिचा बंदोबस्त केला तर समजण्यासारखं आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. आपल्या अंगणातला एक गोडनिंब मात्र पानं खाल्ली गेली तरी पुन्हा फुटतो. शिंपी, दयाळ, राखी वटवट्या या पक्ष्यांना याच अळ्या लागतात. म्हणून फवारणी बंद. निंबोळी अर्कसुद्धा नको. सेंद्रिय असला तरी अळीला तो मारतोच.

कोणी म्हणेल, घाणेरीवर (लँटाना) तर फुलपाखरांची गर्दी असते. असते, मधासाठी. पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर वाढत नाहीत, आणि तिची फळं खाऊन पक्षी बी थेट गोरेवाड्याच्या रानापर्यंत नेतात. मध देणारं झाड आणि पिल्लं वाढवणारं झाड, दोन्ही लागतात.

कुंपणाला डुरांटाऐवजी अडुळसा, मेंदी, करवंद. अडुळशाला बकऱ्या तोंड लावत नाहीत, मोकाट गुरांच्या वस्तीत ही मोठी सोय. हिवाळा सरताना त्याला फुलं आली की शिंजीर हटत नाही. करवंदाच्या काट्यात बुलबुलाचं घरटं सुरक्षित राहतं आणि फळंही त्यालाच. अडुळसा, मेंदी, तगर फांदीपासून लागतात, म्हणजे ओळखीच्या घरून फुकट.

गुळवेल अनेकजण सुचवतात, मीही सुचवीन, पण काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेला लागून घर असेल तर नको. संत्र्याचा रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलीवर वाढतात.

एक झाड लावायला जागा असेल तर बहावा. मुनगा, म्हणजे शेवगाही चांगला, फुलांवर शिंजीर आणि मधमाश्या भरपूर. फक्त पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंट जमतात आणि अंगाला खाज सुटते, म्हणून दारापासून लांब. वड, पिंपळ, उंबर एवढ्या जागेत लावू नका, पाया उखडतील. पण हरियल, तांबट आणि राखी धनेश ज्याच्यासाठी येतात तो उंबर लेआउटच्या मोकळ्या जागेत उभा असेल, तर तो तोडू न देणं हे अंगणातल्या दहा रोपांहून मोठं काम आहे.

या वाटेचे तोटे लपवत नाही. पहिलं वर्ष बाग ओकीबोकी दिसते. मृगानंतर पाऊस धरला की, जुलैच्या आत रोपं लावली तर मुळं खाली जातात, तरी पहिले दोन उन्हाळे पाणी घालावंच लागतं. झुडपांखालचा पालापाचोळा ठेवायचा असतो, कारण सातभाई पक्षी आणि सापसुरळ्या त्यातच किडे शोधून खातात; शेजाऱ्यांना तो कचरा वाटतो.

आणि सापाची भीती. ती खरी आहे, आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस तिन्ही आहेत. घराच्या भिंतीलगत तीन फूट पट्टा स्वच्छ ठेवा, विटांचे-लाकडांचे ढीग हलवा, दाराखालची फट बुजवा, रात्री टॉर्चशिवाय बागेत पाऊल टाकू नका. रांगतं मूल घरात असेल तर करवंद आणि दाट झुडपं दोन-तीन वर्षं पुढे ढकला आणि गोडनिंब, लिंबू, पाण्याचं भांडं एवढ्यावर थांबा. साप दिसलाच तर सर्पमित्राला बोलवा. जखमी पक्षी सापडला तर सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या.

घर भाड्याचं असेल किंवा फ्लॅट असेल तर मोठ्या कुंड्यांत गोडनिंब, तुळस आणि पानफुटी लावा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर मधमाश्या रोज येतात. कुंड्या तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवू नका, मुळं भाजतात. खाली दोन विटा द्या.