बोन कंडक्शन हेडफोन: पन्हाळ्याच्या चढाला ठीक, उताराला बंद

कोल्हापूरहून सायकलनं पन्हाळा चढताना कान बुजवणारे इअरफोन म्हणजे निव्वळ आगाऊपणा. मागची एसटी ऐकू यायलाच हवी. हा बोन कंडक्शन हेडफोन कानापुढच्या हाडावर टेकतो, हाडातून आवाज पोचवतो, कान मोकळा राहतो. आधी हेडफोन, मग हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा हेडफोनखाली अडकला तर हेडफोन उचलला जातो आणि आवाज पातळ होतो. बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, मुळातच कमी, त्यामुळं गाण्यातली हलगी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. नुसत्या गाण्यांसाठी पैसे घालू नका. बोलणं मात्र लई भारी: सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची सात विजेतेपदं २०१२ मध्ये डोपिंगपायी कशी गेली, असले पॉडकास्ट चढाला निवांत ऐकावेत. उताराला वारा सगळं गिळतो. घामानं चार्जिंगच्या पिना गंजतात. ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावा.