डुप्लिकेट आरसीसाठी एजंट लावला होता, पाच पैकी अडीच स्टार

घर बदलताना गाडीची फाईल गेली. फाईल म्हणतोय पण प्लॅस्टिकची पिशवीच होती, त्यात आरसीचं म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, लोन फिटल्यावर बँकेने दिलेली एनओसी, जुने इन्शुरन्स, सगळं एकत्र. गाडी चालू असेपर्यंत कुणाचं काही अडलं नाही, डिजिलॉकरमधली आरसी कायद्याने चालते त्यामुळे पोलिसाने अडवलं तरी मोबाईल पुढे केला की विषय संपायचा. पण स्कूटर विकायला काढली आणि घेणाऱ्याने पहिलंच विचारलं, ओरिजिनल कुठंय?

मग काय, आरटीओसमोर टेबल टाकून बसतात त्यातला एक एजंट धरला. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, बाजूच्या टेबलावर दुसरा तसाच भेटेल. ३५०० म्हणाला, घासाघीस करून २८०० वर आला, "साहेब आठ दिवसात घरी कार्ड" म्हणाला.

आधी चांगलं सांगतो. माणूस फोन उचलतो, आणि चेसिस प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा ठसा, घ्यायचं काम त्याने जे केलं ते मला जमलं नसतं. पेट्रोलचं फडकं मारून नंबर पुसला, वरून कागदी टेप चिकटवला, पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली आणि १७ च्या १७ अक्षरं उमटली, तो टेप तसाच उचलून फॉर्मवर. मी तर आदल्या दिवशी अर्धा तास टॉर्च घेऊन नुसता नंबर शोधत होतो. एक स्टार फक्त त्याचा.

आता रडगाणं. डुप्लिकेट आरसीला फॉर्म २६ लागतो, आणि गाडीवर एचपी, म्हणजे लोन देणाऱ्या बँकेचं नाव, चढलेली असेल तर त्या फॉर्मवर फायनान्स देणाऱ्याची सही लागते. माझं लोन कधीच फिटलंय, पण एनओसी घेऊन आरटीओत जाऊन बँकेचं नाव उतरवायचं असतं हे मी केलंच नव्हतं (करतं कोण, हप्ते संपले की आपण पेढे वाटून मोकळे). एजंटने हे विचारायला पाहिजे होतं की नाही? रोज हेच करतो तो. नाही विचारलं, फॉर्म दिला, तो परत आला, आणि मग मला म्हणे "साहेब बँकेचं तेवढं तुम्ही बघा". म्हणजे खरं काम मीच बघायचं. बँकेत अर्ज देऊन डुप्लिकेट एनओसी आणि बँकेचं नाव उतरवायचा सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, आठ दिवसांचं काय ते समजून घ्या. तुम्ही कुणाला पैसे द्यायच्या आधी एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून फायनान्सरच्या रकान्यात काही दिसतंय का ते बघा, दिसलं तर आधी बँक आणि मग बाकीचं सगळं.

पोलीस स्टेशनच्या गहाळ दाखल्याचे ५०० वेगळे मागितले, ते मी दिले नाहीत. स्वतः गेलो, काय हरवलं, कुठं हरवलं एवढं विचारलं आणि झालं. अ‍ॅफिडेव्हिटसाठीही त्याला स्टॅम्प पेपरचे पैसे हवे होते, महाराष्ट्रात सरकारी ऑफिसात द्यायच्या अ‍ॅफिडेव्हिटला स्टॅम्प पेपर लागत नाही म्हटल्यावर "अच्छा, बघतो" म्हणून गप्प बसला.

सरकारी फी ऐकाल तर हसाल. दुचाकीच्या नव्या नोंदणीला ३००, डुप्लिकेट आरसीला त्याच्या निम्मी म्हणजे १५०, वर स्मार्ट कार्डाचे २००. पोस्टाचे थोडे धरा. बाकीचे कशाचे ते पावतीवर शोधत बसा.

आणि ज्यासाठी मुळात हे लिहायला बसलो ते. वाहन पोर्टलवर ओटीपी गाडीला जोडलेल्या मोबाईलवर जातो. माझा जुना नंबर बंद झालेला, तर या पठ्ठ्याने मला न विचारता स्वतःचा नंबर जोडला. माझ्या गाडीला! मला कळलं कधी, तर अर्ज कुठपर्यंत आला ते बघायला गेलो आणि ओटीपी काही येईना, फोन केला तर हा गडी मला ओटीपी वाचून दाखवतोय, चार, शून्य, नऊ... आणि वर "काळजी करू नका साहेब, सगळ्यांचं असंच करतो". अहो तेच तर काळजीचं आहे ना, एवढ्या लोकांच्या गाड्यांचे ओटीपी एकाच्या खिशात. मग चेसिस नंबर वगैरे टाकून मीच बसून माझा नंबर जोडला, आणि त्याच्यासमोरच एकदा ओटीपी मागवून पाहिला, माझ्याच फोनवर आला तेव्हा उठलो.

कार्ड आलं, बँकेचं नाव गेलेलं आहे, नावात स्पेलिंगची चूकही नाही, म्हणून अडीच. तोपर्यंत घेणाऱ्याने दुसरी गाडी घेतली होती. आता नवीन गिऱ्हाईक आहे, गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० मी स्वतःच भरून ठेवलेत, आणि काल एजंटचा मेसेज आलाय, "साहेब ट्रान्सफर असेल तर सांगा, तुमच्यासाठी कमी करतो".